आधीच डायलिसिस, त्यात लिव्हर बंद पडलं: मायला घरी आणायचं का?

पांढरकवड्याजवळच्या एका गावातून एका मुलाचं पत्र आलं आहे. पत्र मोठं आहे, त्यातला मुख्य भाग असा:

‘माझी माय ४६ वर्षांची. तीन वर्षांपासून मंगळवार-शुक्रवार यवतमाळला डायलिसिस चालू आहे, लघवी जवळपास नाहीच. ड्राय वेट (डायलिसिसनं जास्तीचं पाणी काढल्यावरचं वजन) ४८ किलो. मानेत गाठी आल्या, तपासात टीबी निघाला, रोज तीन गोळ्या सुरू झाल्या. पाच आठवड्यांनी मळमळ सुरू झाली, अन्नावरची वासना गेली. डोळे पिवळे दिसले म्हणून गावातून काविळीची माळ आणि काढा आणला. पाचव्या दिवशी ती झोपेतच राहू लागली, नातवाला माझ्या नावानं हाक मारू लागली. आता नागपूरला आयसीयूत आहे. आयएनआर (रक्त किती उशिरा गोठतं त्याचा आकडा) ३.१ आणि बिलिरुबिन (काविळीचा आकडा) १४ सांगितलं. बी आणि सी ची कावीळ नाही. चोवीस तास चालणारं डायलिसिस लावू म्हणतात. घरचे म्हणतात, “किडनी गेलीच होती, आता लिव्हरबी गेलं. कायले पैसे घालता, घरी आना.” नेहमीचं चार तासांचं डायलिसिस का चालत नाही? रक्त पातळ झालं म्हणतात, मग प्लाझ्मा का देत नाहीत? टीबीच्या गोळ्या बंद केल्या, त्याचं काय होईल?’

भाऊ, मायला घरी आणू नका. पत्र काल रात्री मिळालं, म्हणून पहिलं उत्तर हेच.

घरच्यांच्या बोलण्यात प्रेम आहे, पण हिशोब चुकतो आहे. किडनीचं काम तीन वर्षांपासून मशीन करतं आहे, ते पुढेही करेल. आज धोक्यात आहे ते लिव्हर, आणि लिव्हर हा पुन्हा वाढणारा अवयव आहे. घाव घालणारी वस्तू थांबली आणि मधले दिवस मेंदू, साखर, रक्तदाब आणि जंतुसंसर्ग सांभाळले गेले, तर ते स्वतःहून सावरू शकतं. धोका मोठा आहे, टीबीच्या औषधांनी झालेल्या लिव्हर फेल्युअरमध्ये तर फार मोठा. पण डायलिसिसवर आहे एवढ्याच कारणानं या माणसाचा उपचार सोडावा, असं कुठलंही शास्त्र सांगत नाही. पुढच्या काही दिवसांतच कळेल की लिव्हर वळतं आहे की बदलावं लागणार आहे, आणि ते आयसीयूतच कळू शकतं.

आता चार तासांच्या डायलिसिसबद्दल. लिव्हर बंद पडलं की रक्तात अमोनिया साठतो आणि त्यानं मेंदूच्या पेशी पाणी ओढून सुजतात, रात्रभर भिजत घातलेल्या हरभऱ्यांसारख्या. कवटीत फुगायला जागा नसते. नेहमीच्या डायलिसिसमध्ये रक्त मिनिटाला २५० ते ३०० मिली वेगानं फिरतं आणि पलीकडचं द्रावण ५०० मिली वेगानं. रक्तातलं युरिया झपाट्यानं उतरतं, मेंदूतलं तितक्या वेगानं उतरत नाही, मग पाणी रक्तातून मेंदूकडे सरकतं. निरोगी लिव्हरच्या नेहमीच्या पेशंटला याची बहुधा डोकेदुखीच होते. तुमच्या मायच्या मेंदूला आधीच सूज येऊ घातली आहे, तिला ते झेपणार नाही. शिवाय चार तासांत पाणी ओढताना बीपी पडतं आणि घायाळ लिव्हरला रक्त आणखी कमी मिळतं. काही पेशंटचं लिव्हर तर मुळातच अशा बीपी पडण्यानं जातं. तेव्हा एसजीपीटी (लिव्हर दुखावलं की वाढणारा रक्तातला आकडा) हजारांत चढतो आणि बीपी सुधारलं की काही दिवसांत निम्म्यानं उतरत जातो.

म्हणून डायलिसिस थांबवायचं नाही, पण त्याची चाल बदलायची. चोवीस तासांच्या पद्धतीला सीआरआरटी म्हणतात. तिची मात्रा साधारण किलोमागे तासाला २० ते २५ मिली असते, अमोनिया जास्त असेल तर त्याहून वाढवतात. ४८ किलोला २५ धरले तर तासाला १२०० मिली, म्हणजे दिवसाला जवळपास २९ लिटर द्रावण, पाच लिटरच्या सहा पिशव्या. खर्च या पिशव्यांचा आणि फिल्टरचा आहे. मशीन मोकळं नसेल किंवा खर्च झेपत नसेल, तर नेहमीच्याच मशीनवर संथ डायलिसिस करता येतं. त्याला स्लेड म्हणतात: रक्ताचा वेग १०० ते २०० मिली, द्रावणाचा १०० ते ३०० मिली, वेळ ८ ते १२ तास, आणि ते रोज. द्रावणाचं तापमान ३५ ते ३५.५ अंशांवर ठेवलं तर बीपी कमी पडतं. रक्तातलं सोडियम १४५ ते १५० दरम्यान राखलं तर मेंदूची सूज आटोक्यात राहते. ‘सीआरआरटी होत नसेल तर रोज स्लेड होईल का?’ हा प्रश्न डॉक्टरांना सरळ विचारा. दोन्ही नाही असं उत्तर आलं, तर जिथे होतं तिथे हलवण्याची गोष्ट त्याच दिवशी करा.

डायलिसिसच्या माणसाचं लिव्हर जाताना काही गोष्टी नेहमीपेक्षा वेगळ्या वागतात. आयसीयूतल्या नव्या पाळीच्या माणसांना तुम्ही त्यांची आठवण करून द्यायला हरकत नाही. जिवंत फिस्टुलाच्या (डायलिसिससाठी जोडून केलेल्या रक्तवाहिनीच्या) हातावर बीपीचा पट्टा नको, सुई नको. दिवसातून दोनदा त्यावर बोटं ठेवून थरथर लागते का बघा. बीपी पडलेल्या पेशंटचा फिस्टुला गोठू शकतो आणि मग बरं झाल्यावर डायलिसिसचा रस्ताच राहत नाही. म्हणूनच मानेत किंवा जांघेत तात्पुरती नळी टाकतील, फिस्टुला असताना नळी कशाला असा वाद घालू नका.

साखर हा दुसरा मुद्दा, आणि तो आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. उपाशी माणसाच्या रक्तात साखर सोडायचं काम लिव्हर करतं आणि थोडं किडनीही करते. इन्सुलिन शरीराबाहेर काढण्यात किडनीचा वाटा असतो. दोन्ही बंद असलेल्या माणसाची साखर रात्री दोन वाजता ४० वर येऊ शकते. त्याची गुंगी लिव्हरच्याच गुंगीसारखी दिसते, म्हणून ती कोणाच्या लक्षात येत नाही. दर एक-दोन तासांनी ग्लुकोमीटरवर तपासणी हवी. सलाइनही पातळ देऊन भागत नाही, कारण लघवी नाही. जाड ग्लुकोज मोठ्या नळीतून थोडं थोडं देतात.

तिसरा मुद्दा मॅनिटॉलचा. मेंदूची सूज उतरवायला ते सर्रास देतात, पण ते लघवीवाटे बाहेर पडतं. लघवी नसलेल्या पेशंटमध्ये ते रक्तात साठतं, पाणी फुप्फुसांकडे ढकलतं. अशा वेळी ३ टक्क्यांचं सलाइन वापरतात.

एन-ॲसिटिलसिस्टीन हे इंजेक्शन चालू केलं आहे का, विचारा. पॅरासिटामॉलच्या विषबाधेवरचं हे औषध इतर कारणांच्या लिव्हर फेल्युअरमध्येही वापरतात. फायदा दिसतो तो गुंगी पहिल्या-दुसऱ्या पायरीवर असताना, म्हणजे हाक मारली की डोळे उघडतात, पण दिवस-रात्र आणि माणसं चुकतात तेव्हा. तुम्ही लिहिलेली लक्षणं याच पायऱ्यांची आहेत, म्हणून इथे वेळ दवडू नये. डोस असा: पहिल्या तासात किलोमागे १५० मिग्रॅ, पुढचे चार तास तासाला १२.५ मिग्रॅ, मग ६७ तास तासाला ६.२५ मिग्रॅ. मायच्या वजनाला ते ७,२०० मिग्रॅ, मग तासाला ६०० आणि मग तासाला ३०० होतं. पॅरासिटामॉलच्या नेहमीच्या २१ तासांच्या कोर्समध्ये १.७ लिटर पाणी जातं, हा तर तीन दिवसांचा कोर्स आहे. म्हणून औषध कमी पाण्यात कालवायचं आणि डायलिसिसवर तेवढं पाणी जास्त ओढायचं. डायलिसिसमध्ये हे औषध थोडं धुऊनही जातं, याची जाण डॉक्टरांना असते.

प्लाझ्मा का देत नाहीत, तर तीन कारणांनी. आयएनआर हे आज लिव्हरचं खरं मोजमाप आहे, प्लाझ्मा दिला की आकडा खोटा सुधारतो आणि लिव्हर वळलं की बुडालं ते कळेनासं होतं. दुसरं, एका पिशवीत सुमारे २०० मिली पाणी असतं, चार पिशव्या म्हणजे पाऊण लिटरहून जास्त. तिसरं, लिव्हर फेल्युअरमध्ये रक्त गोठवणारे आणि गोठू न देणारे असे दोन्ही घटक कमी होतात, त्यामुळे आकडा दिसतो तितका रक्तस्राव होत नाही. रक्त वाहत असेल किंवा मोठी नळी टाकायची असेल तर प्लाझ्मा देतातच. व्हिटॅमिन के चं १० मिग्रॅचं इंजेक्शन मात्र द्यावं, कारण आठवडा-आठवडा न जेवलेल्या पेशंटमध्ये त्याची कमतरता असू शकते. डायलिसिस हेपरिनशिवाय, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या औषधाशिवाय, करावं लागतं. मग फिल्टर लवकर गोठतो, बदलावा लागतो, ते अपेक्षितच आहे. हेपरिनऐवजी सायट्रेट वापरलं तर ते पचवायला लिव्हरच लागतं, म्हणून कॅल्शियम वारंवार तपासतात. एक बारीक गोष्ट: आयएनआरचं रक्त डायलिसिसच्या नळीतून घेतलं आणि तिथे हेपरिन असेल, तर आकडा फुगतो. दुसऱ्या जागेवरून घेतलेलं रक्तच खरं.

आयएनआर आणखी एका कारणानं महत्त्वाचा. युरिया वाढल्यानंही माणूस गुंगतो, हात फडफडतात, मळमळतं. पण युरियानं आयएनआर वाढत नाही. डायलिसिसच्या पेशंटची गुंगी डायलिसिसनंतर उतरली तर ती युरियाची असू शकते. उतरलीच नाही आणि आयएनआर १.५ च्या वर असेल, तर लिव्हरकडे बघायलाच हवं. अमोनियाची तपासणी झाली असेल तर नमुना बर्फात ठेवून लगेच लॅबला गेला का, तेही विचारा. तासभर बाहेर पडून राहिलेल्या रक्तात अमोनिया आपोआप वाढलेला दिसतो.

आता लिव्हर बदलण्याबद्दल. ही गोष्ट पेशंट कोमात गेल्यावर काढायची नसते, आजच काढा. औषधांमुळे झालेल्या प्रकारात डॉक्टर काही निकष मोजतात: वय ४० च्या वर (किंवा १० च्या आत), कारण औषध असणं, कावीळ दिसल्यापासून गुंगी येईपर्यंत सात दिवसांपेक्षा जास्त काळ, बिलिरुबिन १७.५ च्या वर, आयएनआर ३.५ च्या वर. यांपैकी तीन जुळले, किंवा एकटा आयएनआर ६.५ च्या वर गेला, तर लिव्हर स्वतःहून सावरण्याची आशा फार कमी उरते. मायचे दोन आज जुळतात, वय आणि औषध. आयएनआर ३.१ वरून ३.५ ओलांडायला एक दिवस पुरतो. या निकषांत क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचा आकडा, नाही, हे डायलिसिसच्या पेशंटसाठी बरं आहे. मेल्ड नावाच्या दुसऱ्या गणितात डायलिसिस म्हटलं की क्रिएटिनिनचे सर्वांत जास्त गुण आपोआप पडतात आणि आकडा भीतिदायक दिसतो. तो ऐकून हातपाय गाळू नका.

प्रत्यारोपणासाठी जवळच्या नात्यातला दाता चालतो: नवरा, मुलं, भावंडं, आई-वडील, आजी-आजोबा, नातवंडं. किंवा नागपूरच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या यादीत तातडीच्या वर्गात नाव नोंदवता येतं का ते तुमचं हॉस्पिटल बघेल. लिव्हर आणि किडनी एकत्र बसवता येतात किंवा आधी लिव्हर आणि नंतर किडनी. टीबी चालू आहे म्हणजे आपोआप नकार, असंही नाही. प्रत्यारोपण शक्य नसेल तर प्लाझ्मा एक्सचेंज हा पर्याय विचारा. त्यात पेशंटचा प्लाझ्मा काढून दात्याचा देतात, सहसा लागोपाठ तीन दिवस. तो नुसत्या पिशव्या चढवण्यापेक्षा वेगळा उपचार आहे आणि त्यातून काही पेशंटना वेळ मिळतो. पैशांसाठी हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला आजच भेटा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं आणि काय बसत नाही, ते लेखी विचारा. न बसणाऱ्या भागासाठी मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज डॉक्टरांच्या खर्चाच्या अंदाजपत्रकासह करता येतो. योजनेची चौकशी १५५३८८ वर होते.

टीबीच्या गोळ्या बंद केल्या ते योग्यच झालं. गाठीचा टीबी काही आठवडे उपचाराविना राहिला तर सहसा जिवावर बेतत नाही आणि घरात कोणाला लागतही नाही. फुप्फुसात किंवा मेंदूत टीबी असता तर घाई वेगळी असती. त्या गोळीत एकत्र असलेल्या चार औषधांपैकी आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तिन्ही लिव्हरला दुखवू शकतात, इथॅम्ब्युटॉल सहसा नाही. लिव्हर सावरेपर्यंत गरज पडलीच तर इथॅम्ब्युटॉल आणि लेव्होफ्लॉक्सासिन अशी लिव्हरला सांभाळून घेणारी जोडी देतात, तीही आठवड्यातून तीनदा आणि डायलिसिसनंतर. पुढे एसजीपीटी सामान्य मर्यादेच्या दुपटीखाली आला, आयएनआर ठीक झाला, की एकेक औषध काही दिवसांच्या अंतरानं आणि तपासण्या करत परत आणतात. इतका मोठा दणका बसल्यावर पायराझिनामाइड पुन्हा द्यायचं नसतं.

इथे डायलिसिसच्या प्रत्येक घरानं एक हिशोब समजून घ्यावा. ३५ ते ४९ किलोच्या पेशंटला सरकारी डब्यातल्या एकत्र गोळ्या रोज तीन मिळतात. प्रत्येकीत पायराझिनामाइड ४०० मिग्रॅ, म्हणजे रोज १,२०० मिग्रॅ. डायलिसिसच्या पेशंटला हे औषध आणि इथॅम्ब्युटॉल साठून राहतात, म्हणून ही दोन्ही आठवड्यातून तीनदा, डायलिसिसच्या दिवशी डायलिसिस झाल्यावर देतात. ४८ किलोला किलोमागे २५ मिग्रॅ धरले तरी तेवढेच १,२०० मिग्रॅ होतात, पण सात दिवसांऐवजी तीन दिवस. आयसोनियाझिड आणि रिफॅम्पिसिन मात्र रोजच, डोस कमी न करता. एकत्र गोळीत हे वेगळं करता येत नाही, सुट्या गोळ्या लागतात. मायचं लिव्हर यामुळेच गेलं असं म्हणता येणार नाही, काढ्याचाही हात असू शकतो. ई आणि ए च्या काविळीची तपासणी झाली का तेही विचारा, त्या दूषित पाण्यातून येतात. पुढच्या उपचाराआधी जिल्हा क्षयरोग केंद्र आणि डायलिसिसचे डॉक्टर यांचं बोलणं व्हायला हवं. टीबीची हेल्पलाइन १८००-११-६६६६ आहे.

काढ्याची बाटली टाकू नका, आयसीयूत द्या. अशा काढ्यांतल्या काही वनस्पतींनी लिव्हर दुखावल्याची उदाहरणं आहेत. गुळवेलीच्या बाबतीत २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी असे पेशंट नोंदवले होते. गावात कावीळ उतरवताना चुन्याच्या पाण्यात हात धुतल्यावर पाणी पिवळं होतं ते हाताला चोळलेल्या रसाशी चुन्याची क्रिया झाल्यामुळे, अंगातली कावीळ त्यात उतरत नाही. आणि काविळीला थंड म्हणून आपल्याकडे उसाचा रस आणि शहाळं पाजतात. लघवी नसलेल्या माणसाला ते विष आहे, शहाळ्यातल्या पोटॅशियमनं हृदय थांबू शकतं.

तुमच्यासारखी वेळ दुसऱ्या घरावर येऊ नये म्हणून इतर वाचकांसाठीही लिहितो. डायलिसिसच्या माणसाची कावीळ उशिरा दिसते. पिवळी लघवी दिसत नाही, कारण लघवीच नाही. खाज आधीपासून असते, रंग आधीच फिका-पिवळट असतो. दर दोन-चार दिवसांनी सकाळच्या उजेडात डोळ्यांचा पांढरा भाग बघा. रिपोर्टमध्येही फसायला होतं. डायलिसिसच्या पेशंटचा एसजीपीटी मुळातच खालच्या पातळीवर असतो, १२-१५ वर. तो ५० झाला तर कागदावर जेमतेम जास्त दिसेल, पण तो तिप्पट-चौपट झालेला असतो. म्हणून टीबीची औषधं सुरू करण्याआधीचा आकडा जपून ठेवा आणि पहिले दोन महिने दर दोन आठवड्यांनी रक्त तपासा. मळमळ आणि अन्नावरची वासना जाणं, एवढ्यावरही त्या दिवशीची गोळी थांबवून डॉक्टरांना विचारा.

डोळे पिवळे आणि झोप उलटी झाली, दिवसा झोपणं आणि रात्री बडबड, की १०८ बोलवा. वाटेत पेशंटला डाव्या कुशीवर ठेवा, तोंडानं काही पाजू नका, शक्य असेल तर निघण्याआधी साखर तपासून घ्या. झोपेची किंवा खाजेची गुंगी आणणारी गोळी देऊ नका. सोबत कागदावर लिहून न्या: शेवटचं डायलिसिस कधी, ड्राय वेट किती, फिस्टुला कोणत्या हातात, बी आणि सी चे रिपोर्ट, आणि घरातली झाडून सारी औषधं.

आज संध्याकाळी डॉक्टर राउंडला येतील तेव्हा पाच गोष्टी विचारा, भाऊ: आजचा आयएनआर, साखर किती वेळानं बघता, डायलिसिस संथ आणि हेपरिनविना आहे ना, एन-ॲसिटिलसिस्टीनचा कितवा तास, आणि प्रत्यारोपणाच्या टीमशी बोलणं झालं का. उत्तरं तारीख-वेळेसह वहीत लिहा. आयएनआर रोज उतरत गेला आणि मायनं तुम्हाला तुमच्या नावानं हाक मारली, तर लिव्हर वळलं असं समजा. तरीही डायलिसिस परत चार तासांवर आणायची घाई करू नका, ते डॉक्टर टप्प्याटप्प्यानं आणतील.